अडुळशावरची अमरवेल

कॉलेजच्या मागच्या कुंपणावर परत पिवळं दिसायला लागलंय. लांबून बघितलं तर कोणीतरी उकडलेल्या शेवया वाळत घातल्यात असं वाटतं. जवळ गेलं की कळतं, त्या शेवयांना टोकं आहेत आणि ती टोकं हवेत काहीतरी शोधतायत. पान नाही, हिरवा कणसुद्धा नाही. जमिनीत मूळ शोधायला गेलात तर तेही सापडणार नाही. कल्याणला थंडी म्हणजे सकाळचे दोन तास, पण तेवढ्यात अमरवेलीला तिची वेळ आल्याचं समजतं. मलाही समजतं. घशात एक कडू चव येते आणि दोन वर्षांपूर्वीची थंडी आठवते.

मला हे नीट सांगता येईल का, माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. त्यामुळे कॉलेजात जे घडायचं ते घरी समजावून सांगायचं आणि घरी जे चालायचं ते कॉलेजात शक्यतो सांगायचं नाही, अशी माझी तेव्हा सवय होती. या वेलीमुळे ती मोडली.

तेव्हा मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय वनस्पतिशास्त्र. प्रत्येकाने वाळवलेल्या वनस्पतींचे नमुने जाड कागदावर चिकटवून द्यायचे होते. माझ्या वाट्याला चिठ्ठी आली ती अमरवेलीची. घरी आल्यावर आईला म्हटलं, "आई, मला एक वेल पाहिजे. पिवळी असते, दोऱ्यासारखी. झाडांवर पसरते."

आई भाकरी थापत होती. डोंबिवलीच्या मानपाड्यातल्या आमच्या चाळीतून ती रोज सकाळी ठाण्याला जाते. घोडबंदर रोडच्या एका मोठ्या सोसायटीत बागकाम करते. तिथे डुरांटाचं लांबलचक कुंपण आहे, निळसर फुलांचं.

"ती पिवळी भवानी? अगं, रोज काढून काढून हात दुखतात माझे. ती कशाला पाहिजे तुला?"

"परीक्षेला."

"तिची परीक्षा घेतात?" आई हसली. "घ्या बाई. आमची घेतच असते ती."

दुसऱ्या दिवशी आईने पिशवीतून वेल काढली ती मेथीच्या जुडीसारखी बांधलेली. एकही धागा तुटलेला नव्हता. हातभर लांबीचे पिवळे तंतू एका दिशेला विंचरून ठेवल्यासारखे. जेवणाची सुट्टी घालवून तिने कुंपणावरून एकेक धागा सोडवला होता. मी विचारलं, तुटली कशी नाही? तर म्हणाली, "ओढायचं नाही. ती सगळीकडे एकाच बाजूनं वेढे घेत चढते. आपण वरून घड्याळासारखा हात फिरवायचा, मग आपणहून सुटते. तुझ्या केसांचा गुंता काढायचे तसंच."

माझ्या पुस्तकात ते एका ओळीत होतं: वेढे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने. आईच्या बोटांत ते किती वर्षांपासून होतं कोण जाणे.

आणि जाता जाता ती आणखी एक बोलली. "उरलेली हिरव्यावर टाकू नको हां. फरशीवर नाहीतर उन्हात पत्र्यावर टाकायची. वाळून मरते."

मी हो म्हटलं. लक्ष नव्हतं माझं.

नमुना वाळवायला वर्तमानपत्रात दाबून ठेवावा लागतो आणि कागद रोज बदलावा लागतो. मी गादीखाली ठेवला आणि वर पाटा ठेवला. रोज संध्याकाळी जुने कागद घेऊन गॅलरीत जायचे आणि कठड्यावरून झटकायचे. खाली काय आहे ते मला चांगलं ठाऊक होतं. खाली तांडेल काकांचा निळा ड्रम होता, कंपनीतून आणून, धुऊन, मधोमध कापलेला. आणि त्या ड्रमात अडुळसा होता.

तांडेल काका तळमजल्यावर एकटे राहतात. खाडीकाठच्या कोळीवाड्यातले. वागळे इस्टेटच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते, आता रिटायर्ड. अडुळसा लावला होता त्यांच्या बायकोने, हिराकाकूंनी. माहेराहून येताना मांडीवर रोप ठेवून आणलं होतं म्हणे. मी लहान असताना काकू गेल्या. तेव्हापासून काका त्या झाडाला रोज तांब्याने पाणी घालतात, पाइपने कधीच नाही. आमच्याकडे थंडीत वारा पडला की केमिकल कंपन्यांचा वास खाली बसतो आणि सगळी चाळ खोकायला लागते. मग जो तो काकांच्या दारात. काका पानं स्वतः मोजून देतात, "तीन घे, चौथं कशाला? काढा करायचाय का भाजी?"

तर त्या चाळीच्या औषधावर मी रोज संध्याकाळी कागद झटकत होते.

नमुना तयार झाला. मी फार जपून कागदावर चिकटवला. मला तो सुंदर वाटत होता. मॅडमनी तो उजेडाकडे धरला, भिंगातून बघितला आणि विचारलं, "होस्ट कुठे आहे?"

होस्ट म्हणजे ज्या झाडावर अमरवेल जगते ते झाड.

"मॅडम, ते... सोडवून आणली. पूर्ण. एकही तुकडा तुटलेला नाही."

"तेच तर. हे बघ, हे बारीक फुगवटे दिसतात? हे तिचे दात. यांनीच ती झाडाच्या खोडात शिरते, पाणी आणि अन्न घेते. तू दात आणलेस, पण चावलेलं काहीच नाही. परजीवी वनस्पती एकटी दाखवता येत नाही गं. ती एकटी असतच नाही."

मागून कोणीतरी म्हणालं, "मॅडम, दूध-साखर घाला, खीर होईल." सगळे हसले. मीही हसले, कारण न हसता उभं राहणं जास्त अवघड होतं. मॅडमनी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मुदत दिली. "फांदीसकट आण," म्हणाल्या.

घरी आईला सांगायला जीवावर आलं. तिने जेवण सोडून केलेलं काम मी नापास करून आणलं होतं. पण आई फक्त म्हणाली, "मग आधी सांगायचं ना. आता तर सायबाने कुंपणच खालपर्यंत छाटलं." साहेब म्हणजे तिथला सुपरवायझर. ठाण्याची अमरवेल संपली होती.

मी मग वेल शोधत फिरले. नेमकी हवी तेव्हा कुठेच दिसेना. आणि एक दिवस कपडे वाळत घालताना खाली बघितलं तर अडुळशाच्या शेंड्यावर तीन पिवळे धागे.

आधी क्षणभर काय वाटलं ते खरं सांगायला हवं. मला आनंद झाला. फार आनंद झाला. अडुळशाच्या हिरव्या दांड्यावर दोन घट्ट वेढे, वेढ्यांच्या आतल्या बाजूला रांगेने फुगवटे, आणि पुढे मोकळं सुटलेलं टोक. पुस्तकातल्या चित्रापेक्षा चांगलं. त्यानंतर कळलं की ती तिथे कशी आली. जर्नलमध्ये मीच लिहिलं होतं, सुवाच्य अक्षरात, खाली रेघ मारून: खोडाच्या लहान तुकड्यापासूनही नवीन वेल वाढते. आईने तेच माझ्या तोंडावर सांगितलं होतं. मी दोन्हीकडून शिकले होते आणि तरी कागद झटकले होते.

लगेच खाली जाऊन काढायला हवी होती. मी नाही गेले. दात अजून नीट रुतले नसतील, असं मनाला सांगितलं. फुलं येऊ देत. फक्त चार दिवस. त्याचे अकरा झाले.

त्या अकरा दिवसांत मी जेवढं वनस्पतिशास्त्र शिकले तेवढं तीन वर्षांत शिकले नसेन. काका दुपारी झोपले की मी भिंग घेऊन ड्रमाजवळ बसायचे. वेलीचं टोक सकाळी दाराकडे असायचं, दुपारी भिंतीकडे. हवेत गोल फिरत फिरत ते दुसऱ्या फांदीला टेकायचं. बाजूला काकांची भिजलेली बांबूची काठी होती, तिला ते शिवलं आणि पुढे गेलं. जिवंत फांदी आणि मेलेली काठी यातला फरक त्याला कळायचा. पुस्तकात वाचलं होतं की बी रुजल्यावर अमरवेलीचा कोवळा धागा आसपासच्या झाडांच्या वासाकडे झुकतो. त्याच्याजवळ थोड्याच दिवसांची शिदोरी असते. तेवढ्यात झाड सापडलं तर जमिनीतलं मूळ वाळून जातं, नाही सापडलं तर सगळाच धागा. मला वाटायचं, आमच्या मानपाड्याच्या हवेत त्या बिचारीला झाडाचा वास यायचा तरी कसा?

मग बारीक पांढरी फुलं आली, घंटेसारखी, तांदळाच्या कणीएवढी. अडुळशालाही तेव्हा पांढरा तुरा आला होता. मी चित्रं काढली. चांगली आली.

आणि अडुळशाची खालची पानं पिवळी पडायला लागली.

काकांना पिवळे धागे दिसले होते. पण त्यांना वाटलं, कंपनीच्या पॅकिंगची सुतळी उडून आली. त्यांनी दोनदा ओढून काढली, ती मध्येच तुटली, आणि तुटके धागे तिथेच फांद्यांवर राहिले. पानं पिवळी दिसतात म्हणून पाणी वाढवलं. एका तांब्याचे दोन तांबे. मी वरून बघत होते. एकदा त्यांनी वर बघून विचारलंदेखील, "काय गो पोरी, तू झाडांचं शिकतेस ना? याला काय झालं असंल?"

"थंडीमुळे असेल काका," मी म्हटलं.

ते वाक्य मला आजही आठवतं. अभ्यास करून मिळवलेला विश्वास मी पहिल्यांदा वापरला तो असा.

त्याच आठवड्यात मला खोकला झाला. रविवारी आईची सुट्टी होती. ती काढ्याला पानं आणायला खाली गेली आणि रिकाम्या हाताने वर आली. दारातच उभी राहिली.

"अडुळशावर ती आलीय."

मी वहीत डोकं घातलं.

"इथे आपल्या गल्लीत डुरांटाही नाही नि काही नाही. आली कुठून?"

खोकला आला होता म्हणून मला बरं वाटलं, तेवढाच वेळ मिळाला. मग सांगितलं. कागद झटकले तेही, आणि अकरा दिवस बघत बसले तेही. दुसरं सांगणं जास्त कठीण गेलं.

आई ओरडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "चल खाली. मला नको सांगू, त्यांना सांग."

काका दारात पेपर वाचत होते. मी सगळं एका दमात बोलले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"म्हणजे ती सुतळी नाय?"

"नाही काका. वेल आहे. परजीवी."

"बांडगूळ?"

"बांडगूळ वेगळं. त्याला हिरवी पानं असतात. ते झाडाकडून पाणी घेतं, पण अन्न बरंचसं स्वतः बनवतं."

"म्हंजे अर्धा फुकट्या. आमचा एक फोरमन होता तसा." काकांनी अडुळशाकडे बघितलं. "आनि ही?"

"ही पूर्ण."

"आनि तुला ठावं होतं. थंडीनं झालं बोललीस."

मी मान खाली घातली. काकांनी पेपरची घडी घातली. मग आईकडे वळून म्हणाले, "वाचंल का गो ही?" झाडाला ते कधी 'हा अडुळसा' म्हणायचे, कधी 'ही'. मी ते तोवर लक्षात घेतलं नव्हतं.

"वाचेल," आई म्हणाली. "पण दात रुतले तेवढं कापावं लागेल. नुसती सोडवली तर आतून परत फुटते."

त्या दुपारी आई ड्रमाशी मांडी घालून बसली आणि मी तिच्या शेजारी. तिने माझा हात धरून दाखवलं. टोक पकडायचं, वरून घड्याळासारखा हात फिरवायचा, घाई करायची नाही. पहिले चार-पाच धागे माझ्याकडून तुटले. "तू ओढतेस," आई म्हणायची. "ती जशी आली तशी तिला परत न्यायची." सहाव्याला जमलं. तो धागा माझ्या बोटांतून अलगद सुटत गेला तेव्हा मला जे वाटलं ते कुठल्या जर्नलमध्ये लिहायची सोय नाही. चाळीतल्या बायका येऊन बघून जात होत्या. कोणी म्हणालं, "माय-लेकी उवा काढतात का काय झाडाच्या?" काका खुर्चीवर बसून सुटलेला प्रत्येक धागा पत्र्याच्या डब्यात ठेवत होते. स्टोअरकीपरचा हात, एकही इकडचा तिकडे नाही.

शेवटी शेंड्याची एक फांदी उरली. तिथे वेढे एवढे घट्ट होते की सुटणं शक्य नव्हतं. काकांनी घरातून कात्री आणली. आईने हात पुढे केला, पण त्यांनी दिली नाही. फांदी एका हाताने धरली, थोडं थांबले, आणि स्वतः कापली. तिच्यावर पांढरा तुरा होता, वेलीची पांढरी फुलं होती, आणि सगळे दात जिथल्या तिथे होते.

"घे," म्हणाले. "फांदीसकट पाहिजे होती ना तुझ्या मॅडमला?"

मी म्हटलं, "काका, नको."

"अगो घे. कापलीच हाय तर शिकायला तरी लागू दे. आनि या टायमाला कागद पत्र्यावर झटक."

तो नमुना वाळवताना मी कागद पत्र्यावरच झटकले, आणि वर चप्पलही फिरवली.

नमुन्याखाली एक पट्टी लावतात. वनस्पतीचं नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. माझ्या पट्टीवर होस्टचं नाव लिहायचं होतं. मी मॅडमना विचारलं, "झाड रानातलं नसेल, कोणी लावलेलं असेल तर?" त्या म्हणाल्या, "मग लागवडीचं असं लिही. माहिती असेल तर कोणी लावलं तेही लिहू शकतेस. चांगल्या नमुन्यात अशी नोंद असते." एवढं विचारायला मी दोन दिवस घेतले होते. उत्तर यायला अर्धं मिनिट लागलं.

प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, वेढ्यांची दिशा कोणती? मी तोंडाने सांगायच्या आधी माझा हात हवेत फिरला. सर हसले, म्हणाले, "हे सोडवायची दिशा दाखवतेयस तू." मी म्हटलं, "हो सर, चढायची याच्या उलट." का कोण जाणे, तेव्हा मला अजिबात भीती वाटली नाही.

आता मी एम.एस्सी.ला आहे, त्याच कॉलेजात. यंदा आमच्या विभागाने जुन्या नमुन्यांचं प्रदर्शन भरवलं. काचेखाली ठेवायला मॅडमनी निवडलेल्या नमुन्यांत माझा होता. मी घरी सांगितलं, आणि खाली जाऊन काकांनाही सांगितलं. पूर्वी मी असं काही बोलावणं केलं नसतं. आई कॉलेजात कुठे उभी राहील, कोणाशी काय बोलेल, याचाच विचार करत बसले असते.

दोघं रिक्षातून आले. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आई वाटेतच थांबली. मागच्या कुंपणाजवळ तिला पिवळं दिसलं होतं. मी काकांना आत घेऊन गेले.

फांदीचा हिरवा रंग गेला होता, वेल तपकिरी झाली होती, पण वेढे तसेच होते. काका काचेवर वाकले.

"हीच का ती? बारीक झाली गो." मग पट्टीकडे वळले. एवढी वर्षं मालाच्या खोक्यांवरची इंग्रजी लेबलं वाचलेले काका बोट ठेवून वाचायला लागले. माझ्या नावावर बोट आलं. "गोळा करणार तू? आनि फांदी कापली कोनी? माझं नाव कुठंय?"

"काका, खालची ओळ वाचा."

खालच्या ओळीत होतं: होस्ट अडुळसा, लागवडीचा, मानपाडा, डोंबिवली. लावणार, हिराबाई तांडेल.

बोट त्या ओळीवरून दोनदा गेलं. मग काकांनी खिशातून रुमाल काढला आणि काच पुसली, जिथे त्यांचं बोट टेकलं होतं तिथे.

"ती शाळेच्या दारात उभी राहिली नाय कधी," म्हणाले. एवढंच.

बाहेर आलो तर मॅडम कुंपणाशी उभ्या होत्या आणि आई त्यांना दाखवत होती, "ओढू नका मॅडम, हात असा फिरवा, असा." मॅडमच्या हातातला धागा तुटला. "परत," आई म्हणाली, अगदी मला म्हणते तशी. आणि मॅडमनी परत घेतला.

निघताना काकांनी पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. अडुळशाची वीतभर फांदी. "एक घेतलेली, एक देतो," मॅडमना म्हणाले. "कुठं लावायची ते सांगा."

मॅडमनी कुंपणाजवळची जागा दाखवली. आई आणि मी एकदमच बोललो, "तिथे नको!"

शेवटी जागा आईने निवडली, प्रयोगशाळेच्या मागे, नळाजवळ, कुंपणापासून चांगली पंधरा पावलं लांब. पावलं तिने स्वतः टाकली.

आज सकाळी त्या फांदीला दोन पानं फुटलेली दिसली. मी तांब्यानेच पाणी घातलं. पण त्याच्या आधी खाली वाकून, दांड्याभोवती पिवळं काही नाही ना, ते बघून घेतलं.